पाठचा भाऊ

"अजून वाक," थोरला म्हणाला. धाकट्याने स्टुलाची कड धरून पाठ आणखी पुढे केली.

खोबरेल तेलात कालवलेला वाटलेला लसूण थोरल्याने दोन बोटांवर घेतला आणि पाठीच्या मधोमध गोल गोल लावला, बाहेरून आत. गजकर्ण कडेने पसरतं, म्हणून आधी कड बांधायची, हे त्याचं शास्त्र. धाकट्याने दात आवळून श्वास आत ओढला.

"झोंबलं?"

"नाही, गुदगुल्या झाल्या."

"झोंबतंय म्हणजे लागू पडतंय."

"हे तू कडुनिंबाच्या वेळीही म्हणालास, कोरफडीच्या वेळीही म्हणालास."

"कोरफड झोंबत नाही. उगाच माझ्या तोंडी काहीही घालू नकोस."

देवाने माणसाला दोन हात दिले, ते डोक्यापासून तळपायापर्यंत सगळीकडे पोचतील असे दिले, आणि पाठीवरची वीतभर जागा तेवढी मुद्दाम सोडली. तिथे दुसऱ्याचाच हात लागावा, अशी त्या दयाघनाची योजना असावी. धाकट्याची बायको होती तोवर त्याला ही योजना कधी जाणवली नाही. ती गेली, आणि त्यानंतर भट्टीसमोरच्या घामाने नेमकं त्याच जागेवर हे रुपयाएवढं वर्तुळ उठवलं, मग बशीएवढं.

दोघा भावांच्या घरांत एक भिंत आणि मागे एक सामाईक अंगण. धाकट्याची बेकरी रस्त्याच्या बाजूला. थोरला मागच्या खोलीत ढोल-ताशे दुरुस्त करायचा. त्याने लग्न केलं नव्हतं. आईच्या शेवटच्या दुखण्यात धाकटा उशिरा पोचला होता. "भट्टी विझायची वाट बघत होतास का?" असं थोरला चार माणसांत बोलून गेला होता. तेव्हापासून अंगणात समोरासमोर आले तरी दोघे आभाळाकडे बघत जायचे.

आणि एके दिवशी धाकटा दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा असताना अंगणातून आवाज आला होता, "चौकट पडेल."

इतक्या वर्षांनी कानावर पडलेला भावाचा पहिला शब्द हा असा. धाकट्याला हसू आवरलं नव्हतं.

"सदरा काढ," थोरला म्हणाला होता. "बघू दे."

तेव्हापासून रोज दुपारी, भट्टी निवली की, हे स्टूल आणि ही वाटी. हळद झाली, पाल्याचं पाणी झालं, कोरफडीचा गर झाला. हात चालू असला की तोंडही चाले. आधी हवापाणी, मग गुडघे, मग शेजाऱ्यांच्या कुरापती. एकदा थोरला गर चोळता चोळता म्हणाला, "आई शेवटी तुझंच नाव घेत होती. मला राग त्याचा आला होता." धाकट्याने स्टुलाची कड घट्ट धरली. तोंड भिंतीकडे होतं, ते बरंच होतं.

हात पुसता पुसता थोरला रोज विचारायचा, "खाज येते ना अजून?"

"येते."

"येणारच. कड थोडी मागे सरकलीय. पण आहे अजून."

लसूण मात्र नडला. सकाळी बेकरीत गर्दी असताना शाळेच्या निवृत्त बाई पावाची पिशवी घेऊन परत आल्या. त्यांनी ती काउंटरवर ठेवली आणि चष्म्यावरून बघितलं.

"मी गोड पाव मागितला होता."

"गोडच आहे, बाई."

"वास घ्या."

मागून कोणीतरी म्हणालं, "भुतं पळवायचा पाव असेल, बाई. रात्री उशाशी ठेवा." सगळी रांग हसली. बाईही हसल्या. धाकट्यालाही हसावं लागलं. पण त्याचे कान भट्टीतल्या पत्र्यासारखे तापले. पाव परत येण्याची ही त्याच्या हयातीतली पहिली वेळ.

त्या दुपारी थोरला वाटी घेऊन आला, तेव्हा धाकट्याने सदरा काढला नाही.

"आज नको."

"मध्येच सोडलं की दुपटीने येतं."

"येऊ दे! तुझ्या पाल्याला ते दाद देत नाही, दादा, अजून कळत नाही का तुला? तुला बोलायला कोणी नाही, म्हणून रोज वाटी घेऊन येतोस. गिऱ्हाईकं हसतात मला. उद्या डॉक्टरकडे जातो. तू आता माझी पाठ सोड."

थोरला वाटीकडे बघत राहिला. मग मान हलवून म्हणाला,

"बरं. सोडली."

त्वचेची डॉक्टर धाकट्याला मुलगी शोभेल अशा वयाची होती. तिने दिवा जवळ ओढून पाठ बघितली, बोट फिरवलं, पुन्हा बघितली.

"काका, कुठे म्हणालात?"

"मधोमध. बशीएवढं."

"इथे काही नाही. गजकर्ण होऊन गेल्याचा फिकट डाग आहे, तोही जुना. हे लाल दिसतंय ते लसणाने भाजलंय, तो बंद करा. खाज येते?"

"येते," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. खाज केव्हा थांबली होती, ते त्याला आठवेना. रोज कोणीतरी विचारायचं, म्हणून तो रोज हो म्हणायचा.

"घरी कोणाला बघायला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला. मग सदऱ्याची बटणं लावायला त्याला बराच वेळ लागला.

कातडं ओलं आहे की सुकलंय, जुनं आहे की नवं, हे अंगठा फिरवून ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या बोटांखाली ही पाठ रोज होती.

दुपारी तो अंगणातून मागच्या खोलीकडे गेला. थोरला एक ढोल मांडीत दाबून वादी ओढत होता. त्याने वर बघितलं नाही.

"काय म्हणाला डॉक्टर?"

"गेलो नाही."

वादी करकरली.

"दादा, आज फार खाजतंय. बघतोस जरा?"

उत्तराची वाट न बघता धाकट्याने पाठ वळवली आणि सदरा वर केला. मागे ढोल जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग हात पुसल्याचा. मग पाठीवर, नेमक्या त्या जागी, तळहात टेकला. तो फिरला नाही, नुसता टेकून राहिला. धाकट्याने डोळे मिटले. आता म्हणेल, आहे अजून. आता म्हणेल, कड मागे सरकलीय.

"काही नाही," थोरला म्हणाला.

"नीट बघ ना."

"नीटच बघितलं. स्वच्छ आहे पाठ. कधीचीच."

त्याने सदरा खाली ओढला, वळलेली कॉलर नीट केली आणि जागेवर जाऊन बसला. थोड्या वेळाने ढोलावर थाप पडली, स्वर बघण्यासाठी. मग पुन्हा वादीचा आवाज.

धाकटा दाराकडे तोंड करून तसाच पाठमोरा उभा राहिला. तो हलला असता, तर निघावं लागलं असतं.