एकटीचं बोलावणं

वरकुट्याच्या घरात सगळ्यांना चहा स्टीलच्या पेल्यातून मिळायचा, आणि सारजाला नि तिच्या नवऱ्याला तेवढा फुलाफुलांच्या कपबशीतून. पाहुण्यांसाठी फळीवर मांडून ठेवलेली कपबशी ती. सारजाला तिचा असा संताप यायचा, की एखाद दिवशी हातातून निसटली म्हणून सांगावं आणि दगडावर आपटून मोकळं व्हावं. लग्न होऊन आली तेव्हा याच घरात तिनं पहिली चूल पेटवली होती. आता पाहुणी! आणि दोष द्यायचा तरी कुणाला? सगळं नवऱ्यानं आपल्या हातानं केलेलं.

आबाजी वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते. उभा जन्म कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेला. एकुलता एक शंभूराज इंजिनियर होऊन अमेरिकेला गेला, तिथंच स्थिरावला, शिकलेली बायको केली. आबाजी रिटायर व्हायच्या बेताला आले तेव्हा त्यानं फोनवर सांगितलं, "आबा, आता बास झालं. तुम्ही दोघं कायमचे इकडेच या." झालं! आबाजी जे हरभऱ्याच्या झाडावर चढले ते उतरायलाच तयार नाहीत. क्वार्टर सोडायच्या आधी ते वरकुट्याला गेले, सगळी भावकी गोळा केली आणि बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेतली. "हे घर आन माज्या वाटणीचं रान आजपास्नं सोनबाचं. मी पुन्यांदा मागायला येनार न्हाय."

सोनबानं, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावानं, मागितलं तरी होतं का? तो बिचारा नुसता बघत राहिला. सारजा बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती. कागद केला असता तर वकील लावून फिरवता आला असता. उचललेला भंडारा कोण फिरवणार? धनगराच्या घरात शब्द असा मोडला तर उद्या कुणी सोयरीक करायला दारात येत नाही. एवढं कळूनसुद्धा ह्या माणसानं भंडारा उचलला, कारण परत यायची वेळच येणार नाही याची त्यांना खात्री होती. लोकांनी वाहवा केली, आणि आबाजी छाती फुगवून घरी आले.

त्यात आबाजींना साखर. गोळ्यांनी भागेना तेव्हापासून बारामतीच्या डॉक्टरांनी रोजची इन्सुलिनची सुई लावलेली. ती टोचायची सारजानं. तिच्या माहेरी मेंढरं होती. सरकारी डॉक्टर लस देऊन जायचा आणि बाकीचा कळप तिनं नि तिच्या बापानं टोचायचा. त्यामुळं हात बसलेला. आबाजींचं मात्र उलटं. मशीनमध्ये बोट चेंगरलं तरी हूं की चूं न करणारा माणूस, पण स्वतःच्या अंगात स्वतः सुई घालायची म्हटली की दरदरून घाम फुटायचा. डॉक्टरांनी शिकवून बघितलं, दटावून बघितलं. शेवटी तेही म्हणाले, "मावशी, हे तुमच्याच हातून व्हायचं."

अमेरिकेत घर मोठं, गुळगुळीत, आणि त्यातली एक वस्तू सारजाची नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं भाकरी टाकली, तव्यावरचं पीठ करपलं, आणि छताला लावलेलं कसलं तरी यंत्र असं किंचाळायला लागलं, की सून योगिनी धावत आली. ओरडली नाही ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "आई, शेगडीला तुम्ही हात लावू नका, मी देत जाईन सगळं." तेव्हापासून सारजानं त्या शेगडीकडं बघितलंसुद्धा नाही.

आणि तिथंच घात झाला. सुई टोचली की पोटात घास पडलाच पाहिजे, नाहीतर साखर उतरते आणि माणूस कोसळतो. सुट्टीचा दिवस होता. सारजानं ठरल्या वेळेला सुई दिली, आणि लेक नि सून तर अजून झोपलेली. दार वाजवावं तर कसं? आबाजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे, उठतील आत्ता. मी जरा पाय मोकळं करून येतो." लाज वाटली त्यांना. पोराच्या घरात भूक लागली म्हणायची लाज! ते रस्त्याकडेला गवतावर पडलेले सापडले. कुणीतरी गाडी बोलावली, दवाखान्यात नेलं. जीव वाचला. मग बिल आलं, आणि आधीपासून आजार असलेल्या माणसाला विमा देत नाहीत हेही कळलं. शंभूराज ते बिल हातात धरून कितीतरी वेळ बसून होता. त्या दिवसापासून तो आबाजींशी बोलताना भिंतीकडं बघायला लागला.

"थोडे दिवस गावी जाऊन या," तो म्हणाला. "तब्येत सुधारली की बोलावतो." आबाजींना ते पटलं. सारजाला नाही पटलं, कारण योगिनीनं बॅगा भरताना दोघांचे थंडीचे जाड कोटही भरले होते. परत बोलवायच्या माणसांचे कोट कुणी वरकुट्याला पाठवतं का?

सोनबानं मोठ्या भावाला पुढची खोली दिली. "दादा, पायजे तितकं ऱ्हावा, तुमचंच घर हाय," म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला. पण त्याची बायको भामाबाई? ती तोंडानं गोड होती. सारजा चुलीकडं निघाली की आडवी व्हायची, "जाऊबाई, पावण्या बायांनी कशाला? बसा तुमी." आणि वेगळी चूल मांडावी तर भावाभावांत भांडण झालं म्हणून गावभर बोभाटा. म्हणजे पुन्हा तेच! सुई सारजाच्या हातात आणि भाकरी दुसरीच्या. इन्सुलिनची बाटली ती ओल्या वाळूच्या मडक्यात गार ठेवायची, भामाबाईची भाकरी तव्यावर पडली की मगच टोचायची. तरी एखाद्या दिवशी भामाबाई मध्येच उठून शेजारी बोलत बसायची, आणि इकडं आबाजींचे ओठ पांढरे पडायचे. म्हणून सारजाच्या पदराला कायम गुळाचा खडा बांधलेला असायचा.

आबाजी आपले देवळाच्या कट्ट्यावर बसून सांगायचे, "डाक्टरनी हवापालट सांगिटलाय. उनाळा झाला की जायाचं परत." लोक म्हणायचे, "व्हय व्हय, आबा." आणि त्यांची पाठ वळली की हसायचे. सारजाला ते हसू दिसायचं. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण करणार काय?

एक दिवस सोनबा इंदापूरच्या बाजारात पेरू घालून आला तो निरोप घेऊनच. स्टँडजवळच्या फोनवाल्याकडं शंभूराजचा फोन आला होता. रविवारी सकाळी परत करतो, आईला घेऊन या, महत्त्वाचं बोलायचंय.

"आलं का न्हाय बोलावनं!" आबाजी असे उठले की खाट करकरली. "म्हनत हुतो का न्हाय मी?" रविवारी ते पहाटेच दाढी करून बसले. अमेरिकेतले बूट घातले. जीपमध्ये शेजारच्या अनोळखी माणसालासुद्धा त्यांनी सांगितलं, की पोराचा फोन यायचाय, आता जावं लागेल. महत्त्वाचं बोलायचंय तर बापाला का नाही बोलावलं, एवढंच सारजाच्या डोक्यात घोळत होतं.

फोनची खोली काचेची, एकाच माणसापुरती. फोन वाजला. सारजा आत गेली, आबाजी बाहेर काचेला नाक लावून उभे.

"आई, आनंदाची बातमी आहे," शंभूराज म्हणाला. "योगिनीला दिवस गेलेत."

सारजाचे डोळे भरून आले. पहिलं नातवंड! त्याला न्हाऊ घालायचं, पायावर घ्यायचं, टाळू भरायची. तिचे हात शिवशिवायला लागले. शंभूराज पुढं सांगत होता, योगिनीच्या आईला शाळेची नोकरी आहे, तिला रजा नाही, तेव्हा तूच ये, मी तिकीट काढतो.

"काड की बाबा. दोगांचं काड."

तो म्हणाला, "तुझं एकटीचं, आई."

"आन सुई? त्यांची सुई कोन टोचनार?"

"काकूला शिकव ना. त्यात काय एवढं?"

"शंभू, तुजी काकू कोंबडी धरायला भितीया. आन सुई टोचून भागत न्हाय रं, घास येळंवर द्यावा लागतो." मग तिनं मनातलं विचारलं. "बरं, लेकरू झाल्यावर तरी बोलावशील न्हवं आबांस्नी?"

"आई, खरं सांगू का? आबांचं आता इथं जमणार नाही. विमा नाही, आणि मागच्यासारखं परत झालं तर आम्ही रस्त्यावर येऊ. कधीच नाही जमायचं. पण त्यांना तू काही सांगू नकोस. मी सांगेन सावकाश."

सारजानं बाहेर बघितलं. आबाजी फोनवाल्याला हात हलवून विमान कसं उडतं ते दाखवत होते. तिनं बघितलेलं बघून ते हसले आणि मान डोलावून खुणावलं, हो म्हण, हो म्हण.

तिचा जीव अर्धा तिकडं ओढत होता, हे कशाला लपवायचं? ज्या लेकराचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं त्याच्यासाठी ती तुटत होती. पण हा माणूस? हा भामाबाईच्या दारात भूक लागली म्हणून तोंड उघडणार नव्हता. पोराच्या दारात नाही उघडलं, तिथं हिच्या दारात काय उघडणार! एखाद्या सकाळी देवळाच्या वाटेवर कोसळला असता आणि लोक म्हणाले असते, गेला बिचारा, बायको अमेरिकेत होती.

"मी येत न्हाय," ती म्हणाली.

"आई, नीट विचार कर. राग आला का तुला?"

"राग आला तर आला. तू इतका येळ बोलतुयास, पर आबा कसं हायत म्हून एकदा बी इचारलं न्हाईस."

"कसे आहेत?"

"भाईर हुबं हायत, काचंला नाक लावून. धर, देते त्यास्नी. तूच सांग जे सांगायचं ते."

"नको, आई! आत्ता नको. कॉल फार महाग पडतो. पुढच्या वेळी बोलतो." आणि फोन बंद झाला. सारजा तो तसाच कानाला लावून उभी राहिली, कारण तोंडावरचं सगळं पुसायला तिला तेवढी सवड हवी होती.

ती बाहेर आली. "काय म्हनला? कवा जायाचं?" आबाजींचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. खरं काय ते तिच्या जिभेवर आलं होतं. तुमच्या पोरानं तुमचं नाव कायमचं टाकलं, असं तिथंच सांगून मोकळं व्हायचं होतं. तिनं ते गिळलं.

"योगिनीला दिस गेल्यात. बाळतपनाला मला एकटीला बोलावलं हुतं. मी न्हाय म्हनले."

"न्हाय म्हनलीस?"

"तितली थंडी मला सोसत न्हाय. करमत बी न्हाय."

भर स्टँडवर आबाजींचा आवाज चढला. "आगं, तुजं डोकं फिरलंय का? तू म्होरं गेली असतीस तर मागनं त्यानं मला बोलावलंच असतं! नातू झाल्यावर आजा नको व्हय त्येला? वैरीन हाईस तू माजी. माजा पोरगा तोडलास तू!" येणारे-जाणारे थांबून बघत होते. सारजा पदर डोक्यावर ओढून जीपकडं चालायला लागली.

घरी तरी कोण तिच्या बाजूचं? भामाबाईच्या तोंडचा गोडवा त्या दिवशी संपला. ही दोघं आता जन्माची आपल्या गळ्यात पडली, हे तिला कळून चुकलं. "सोन्यासारकं बोलावनं लाथाडलं, काय म्हनावं तुमास्नी!" म्हणाली. आबाजींनी सारजाशी बोलणं टाकलं. सुईच्या वेळेला तेवढे खोलीत यायचे, मुकाट्यानं सदरा वर करायचे, टोचून झालं की निघून जायचे. सारजानं एकदाही खरं सांगितलं नाही. आणि शंभूराजनं सावकाश सांगायचं म्हटलं होतं, तेही त्यानं कधी सांगितलं नाही.

पुढं इंदापुरातून निरोप आला, मुलगा झाला. सोनबानं पेढे आणले. देवळाच्या कट्ट्यावर आबाजी मधोमध बसले होते, भोवती भावकी. सारजा घराच्या दारात उभी होती. कट्ट्यावरचं सगळं तिथवर ऐकू येत होतं.

"आबा, मग नातवाचं त्वांड बगायला कवा निगायचं?" कुणीतरी विचारलं.

आबाजी दाराकडं मान उडवून म्हणाले, "माजं काय, मी आजच निगलो असतो. पोरगा तर सारका बोलावतोय. पर हिचं काय करू? ही तितं येत न्हाय, आन हितं माज्याबिगर हिला येक दिस जमत न्हाय. बाईमानसाला असं येकलं टाकून कसं जायाचं?"

"मन लई मोटं हाय आबांचं," एक जण म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

आत भामाबाईची पहिली भाकरी तव्यावर पडली होती.

"चला आत," सारजानं हाक मारली. "सुईची येळ झाली."