तोंडी परीक्षेची खुर्ची

मी तोंडी परीक्षेच्या खोलीतली खुर्ची बोलतेय. परीक्षकांची नव्हे, त्यांच्या समोरची. परमुलखातून आलेली माणसं जिच्यावर बसून आपलं इंग्रजी दाखवतात आणि घाम पुसत उठतात, ती. सध्या मी मागच्या अंगणात सायकलींच्या शेडला टेकून पडले आहे, पण गप्प बसणार नाही.

सुताराने घडवलं तेव्हा माझे चारही पाय धड होते. मी परीक्षकांच्याच बाजूला असायचे. एकदा मोठे साहेब भिंतीवरचं घड्याळ लावायला बुटांसकट माझ्यावर चढले आणि माझा मागचा पाय मोडला. शिपाईकाकांनी लाकडाचा तुकडा जोडून दिला, तो बोटभर आखूड निघाला. साहेब बसून पाहायला गेले, मी डुगडुगले, ते दचकून उठले.

"ही विद्यार्थ्यांच्या बाजूला ठेवा," ते म्हणाले. "त्यांना थोडाच वेळ तर बसायचं असतं."

झालं! तेव्हापासून जो बसे, तो कलंडे आणि कडा घट्ट धरे. नेमका तेव्हाच प्रश्न येई, "तुमच्या घराबद्दल सांगा." बिचाऱ्याचं सगळं लक्ष माझ्याकडे, तो घराबद्दल काय सांगणार? परीक्षकबाई गोड हसायच्या आणि कागदावर लिहायच्या, 'आत्मविश्वास कमी.' पाय माझा आखूड आणि गुण कापायचे त्यांचे! वर बैठकीत चर्चा, की या लोकांना आत्मविश्वास का नसतो. "घरी इंग्रजी बोलत नाहीत, दुसरं काय," असं ठरवून सगळे चहा प्यायला गेले. एकालाही वाटलं नाही, की समोर जाऊन जरा बसून बघावं.

मग त्या नर्सबाई आल्या. आपल्या देशात त्यांनी वर्षानुवर्षं रुग्णसेवा केलेली, इथे मात्र इस्पितळाच्या चादरी धुवायच्या. ही परीक्षा पास झाल्याशिवाय नर्सचं काम मिळणार नव्हतं. बाहेरच्या बाकावर त्यांचे मास्तर उजळणी घ्यायचे, तेव्हा त्या घडाघडा बोलायच्या, मास्तरांना हसवायच्यासुद्धा. आत येऊन माझ्यावर बसल्या, की त-त-प-प. दोनदा नापास झाल्या. तिसरी संधी शेवटची होती.

त्या दिवशी त्या बसल्याच नाहीत. माझी पाठ धरून मला हलवून पाहिलं आणि सरळ म्हणाल्या, अर्थात इंग्रजीत, "बाई, ही खुर्ची बदलून द्या."

"अहो, बसा तर खरं. आधी परीक्षा होऊ दे."

"हिच्यावर ती नीट होत नाही. मागच्या दोन्ही वेळा मी पडू नये म्हणून धडपडत होते, तुम्हाला वाटलं मी शब्द शोधतेय. हलत्या खाटेवर रुग्णाला बसवून तुम्ही नाडी मोजाल, तर ती जोरातच लागणार. म्हणून त्याला हृदयविकार झाला म्हणाल का?"

कुठे अडखळल्या नाहीत. मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

परीक्षकबाईंनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं. "पटलं तुमचं. वर कळवते," त्या म्हणाल्या आणि मग रेकॉर्डरचं बटण दाबलं. "आज मात्र हिच्यावरच बसा. सांगा, तुमचा आवडता ऋतू कोणता?"

आधीचं बोलणं परीक्षेतलं नव्हतं म्हणे, त्याला गुण नाहीत. नर्सबाई बसल्या. मी जीव खाऊन स्थिर राहायला पाहिलं, तरी कलंडलेच. त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या कडा घट्ट धरल्या. ऋतूबद्दल दोन वाक्यं कशीबशी निघाली आणि कागदावर उमटलं, 'आत्मविश्वास कमी.'

दुसऱ्याच दिवशी साहेबांचा हुकूम आला, की तक्रार रास्त आहे, खुर्ची बाद करावी. शिपाईकाकांनी मला उचलून इथे आणून टाकलं आणि तिथे नवी कोरी खुर्ची गेली. नर्सबाईंची लेक कार्यालयात विचारायला आली होती, "आईची परीक्षा पुन्हा घ्याल का?" कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "निकाल लागला तो लागला."

मला खुशाल फोडून चुलीत घाला, माझी तक्रार नाही. पण त्याआधी कुणीतरी मला एवढं सांगा. नर्सबाई माझ्याबद्दल जे बोलल्या, ते सगळं इंग्रजीत बोलल्या होत्या. तुम्हाला ते अक्षर न् अक्षर कळलं, पटलं, म्हणून तर मी आज अंगणात आहे. मग त्या इंग्रजीत नापास कशा?