धरलीय, भावोजी!

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या रंगांचे थर खरवडलेत, तर तुमच्या आजोबांच्या वेळचा पिवळा रंगसुद्धा सापडेल. मी एका रंगाऱ्याची जुनी शिडी. दोन लांब बांबू आणि अकरा पायऱ्या, एवढाच माझा देह. रंगाऱ्याच्या वडिलांनी मला स्वतःच्या हाताने बांधले. ते वर चढत आणि त्यांची बायको खाली मला धरून उभी राही. पदर खोचून, खालच्या पायरीवर एक पाय रोवून. ती म्हणे, "शिडी धरणाऱ्याने जागा सोडायची नसते. वरच्याचा जीव आपल्या हातात असतो." तिच्या हातांची ऊब मला अजून आठवते.

पुढे मुलगा रंगारी झाला, तेव्हाही तीच मला धरायची. म्हणून त्याला खाली बघायची सवयच लागली नाही. तो भिंतीकडे तोंड करून नुसते विचारी, "धरलीस ना?" "धरलीय!" ऐकले, की निर्धास्तपणे हात चालवी.

आई गेली. चार दिवसांसाठी आलेला मेहुणा तीन वर्षे राहिला. धडधाकट गडी, पण इकडची काडी तिकडे करणार नाही. पानावर मात्र पहिला! गल्लीने त्याचे नाव आयतोबा ठेवले. कुणी ऐतखाऊ म्हणे, कुणी अंगचोर.

"तुझा भाऊ म्हणजे खायला काळ अन् भुईला भार," रंगारी बायकोला म्हणे.

"असू दे हो. निदान शिडी तरी धरतो ना?"

सगळे हसत. तेव्हा मीही हसायचे.

मग एके दिवशी माझ्या पायांवरचे हात निघून गेले आणि त्यांच्या जागी पायांशी टेकू म्हणून एक वीट आली. ज्या बंगल्यावर काम चालू होते, तिथल्या पहारेकऱ्याने आयतोबाला विचारले, "काय रे, शिडी कोण धरणार?"

"वीट धरते की! बिचारी चहासुद्धा मागत नाही."

आता वरून प्रश्न आला, की उत्तर रोज थोड्या लांबून येते. आधी ओट्यावरून, मग झाडाखालून. रंगाऱ्याला ते कळत नाही. मला कळते, पण मला वाचा नाही.

आज गुळगुळीत फरशीच्या अंगणात मी उभी आहे. मोलकरणीने नुकताच मागचा ओटा धुतला आहे. साबणाचे पाणी फरशीवरून सावकाश इकडे येते आहे. रंगारी दहाव्या पायरीवर आहे. कोपऱ्यापर्यंत ब्रश पोचावा म्हणून त्याने अंग एका बाजूला झुकवले आहे.

"धरलीस ना रे?"

"धरलीय, भावोजी!"

आवाज फाटकाबाहेरून आला.

पाणी विटेपाशी पोचले. वीट बोटभर सरकली.

मित्रांनो, तुम्ही या वाटेने जात असाल, तर आयतोबाला हसायला थांबू नका. त्याला नावे मागाहून ठेवा. आधी धावत या आणि माझे पाय धरा.