हातच्या तीस खाटा

नगरपालिकेच्या निवारा विभागात त्यांना सारेच ताई म्हणत. त्यांच्याहून वयाने मोठा असलेला शिपाईसुद्धा. बावीस वर्षे एकाच खुर्चीवर काढल्यामुळे गावातील प्रत्येक शाळेत, सभागृहात आणि वखारीत किती खाटा मावतात, ते त्यांना एखाद्या स्तोत्रासारखे मुखोद्गत होते. नदी फुगली की ताईंनी मोकळ्या खाटांचा आकडा कळवायचा आणि त्यावर विसंबून केंद्रीय आपत्ती यंत्रणेने आपल्या बसगाड्या कोठे वळवायच्या ते ठरवायचे, अशी कामाची वाटणी होती.

परंतु ताई कळवीत तो आकडा कधीच पुरता खरा नसे. सहा वर्षांपूर्वीच्या पुरात केंद्राने दूरदूरची माणसे आणून शाळा भरून टाकली होती, आणि गावातल्याच खालच्या वस्तीतील लोकांना दोन दिवस उघड्या व्हरांड्यात कुडकुडत काढावे लागले होते. तेव्हापासून विभागात एक अलिखित प्रघात पडला. प्रत्येक निवाऱ्यातील तीस खाटा, बेरजेत हातचा धरावा तशा, मागे ठेवायच्या. त्यांना नावही पडले होते, 'हातच्या खाटा'. ताईंच्या लेखी ही लबाडी नव्हती. घरातल्या सर्वांत उशिरा येणाऱ्या माणसाचे ताट झाकून ठेवावे, तितकेच ते निर्मळ कर्तव्य होते.

यंदाचा पूर ओसरून चार दिवस झाले होते, आणि ताईंचा थोरला भाऊ या जगात नव्हता.

दादा घड्याळे दुरुस्त करीत. खालच्या वस्तीत, दोन खोल्यांच्या घरात, वहिनींसह त्यांचा शांत संसार होता. दम्याने छाती पोखरलेली, पण स्वभाव असा की खोकल्याची उबळ ओसरताच हसून म्हणावे, "अजून चावी उरलीय." त्या दिवशी वस्तीला आणण्यासाठी नगरपालिकेचे ट्रक निघाले, पण रस्ता पाण्याखाली गेला होता. मग केंद्राची एक बस उलट्या बाजूने वस्तीत शिरली आणि माणसे घेऊन बाहेर पडली. ही गोष्ट ताईंच्या कचेरीपर्यंत पोहोचलीच नाही. शाळेत जागा नाही असे कागद सांगत होता, म्हणून बस साठ किलोमीटरवरच्या धान्यगोदामाकडे वळली. अर्ध्या वाटेत, भर दुपारी, वहिनींच्या खांद्यावर दादांनी मान टाकली.

आज शाळेच्या एका वर्गात दोन्ही कचेऱ्यांच्या नोंदी जुळवायचे काम चालले होते. समोर केंद्राचे अधिकारी बसले होते. विभागात त्यांना पाठीमागे 'केंद्रसाहेब' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होते.

"ताई, शाळेत खाटा दोनशे," ते कागदावरून बोट फिरवीत म्हणाले. "मग त्या दिवशी चादरी एकशे सत्तरच कशा वाटल्या?"

ताईंनी चादरींची वही मिटून बाजूला ठेवली.

"आम्हाला माहीत असतं हो, तुम्ही लोक थोडं मागे ठेवता ते. म्हणून तर मी दुसऱ्यांदा फोन केला होता. आठवतंय?"

आठवत होते. चार दिवस ताईंना दुसरे काही आठवतच नव्हते. साहेबांनी फक्त बसचा क्रमांक सांगितला होता आणि म्हटले होते, "नक्की एकही जागा नाही ना? एक म्हातारे गृहस्थ आहेत, फार धाप लागलीय त्यांना." त्यावर ताईंनी उत्तर दिले होते, "साहेब, तुमच्या प्रत्येक बसमध्ये एक म्हातारा असतोच. शून्य म्हणजे शून्य. आता खुंटीला टांगू का माणसं?" भोवतालचे कारकून खो खो हसले होते. ताईही हसल्या होत्या.

"ते म्हातारे गृहस्थ माझे दादा होते," ताई म्हणाल्या.

साहेबांच्या हातातील पेन्सिल थबकली. बाहेर कोणीतरी ओल्या सतरंज्या झटकीत होते.

"मला कल्पना नव्हती," ते अखेर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "हे बघा, चादरी कमी पडल्या असं लिहितो. शून्याचं शून्यच राहू द्या. कोण विचारणार आहे?"

"नको. तीस रिकाम्या होत्या असं लिहा. कोणी सांगितलं शून्य, तेही लिहा."

"ताई, नोकरीची शेवटची दोन वर्षं..."

"लिहा हो साहेब."

त्यांनी लिहिले. ताईंनी खाली सही केली. ते तसे सोपे होते. जे अवघड होते ते दोन वर्ग सोडून, खिडकीजवळच्या खाटेवर बसले होते. वस्तीतील बाकीची माणसे गोदामातच राहिली होती. वहिनींना मात्र ताईंनी अंत्यविधीनंतर आपल्या डोळ्यांसमोर, शाळेत आणून ठेवले होते. खाट त्याच तिसांपैकी होती.

ताईंना पाहताच वहिनींनी सरकून जागा केली. "वन्सं, जेवलात का? तोंड बघा कसं उतरलंय. तुम्ही आडव्या पडलात तर नदी काही परत येणार नाही."

"वहिनी, मला काही सांगायचंय."

"मला कळतंय हो. तुम्ही मनाला लावून घेतलंय. आत्ताच शेजारच्या बाईंना म्हटलं मी, जागा असती तर आमच्या वन्संनी कुठूनही काढून दिली असती. नव्हतीच, त्याला त्या तरी काय करणार?"

ही ढाल वहिनींनी स्वतःहून पुढे केली होती. तिच्याआड उभे राहिले असते तर उरलेले आयुष्य निभावून गेले असते. ताईंनी डोळे मिटले.

"जागा होती, वहिनी."

"कुठे?"

"इथेच. तीस खाटा मी मागे ठेवल्या होत्या. खालच्या वस्तीसाठीच. तुम्ही आमच्या ट्रकने याल असं वाटलं. साहेबांनी पुन्हा फोन करून विचारलंही होतं, एक म्हातारे गृहस्थ आहेत, धाप लागलीय म्हणून. मी नाही म्हटलं."

वहिनी ताईंकडे पाहत राहिल्या. मग नजर खाली गेली, खाटेच्या लोखंडी पट्टीवर, घडी केलेल्या चादरीवर. हलकेच, जणू खाली कोणी निजले आहे अशा बेताने, त्या उठून उभ्या राहिल्या.

"तीस," त्या म्हणाल्या. "ह्यांना एकच पुरली असती हो."

ताईंनी त्यांचे पाय धरण्यासाठी वाकायला सुरुवात केली. वहिनी मागे सरकल्या. त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. ताईंना वाटले, यांनी मला मारावे.

"मला इथून हलवा," वहिनी म्हणाल्या. "गोदामात चालेल. आमची वस्तीतली माणसं तिथेच आहेत ना?"

"वहिनी, माझ्या घरी चला. हवं तर माझ्याशी बोलू नका."

"नको. गोदामात."

स्थलांतराची चिठ्ठी ताईंनाच भरावी लागत असे. त्यांनी टेबलाशी बसून वहिनींचे नाव, वय लिहिले. अडीअडचणीला कोणाला कळवायचे, असा पुढे एक रकाना होता. शाळेत आणताना त्यांनी तेथे न विचारता स्वतःचे नाव घातले होते. आता त्यांचा हात थांबला.

"इथे कोणाचं लिहू?"



"बसमध्ये आमच्या मागे एक बाई होत्या. पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन शेवटपर्यंत ह्यांना वारा घालत होत्या. पलीकडच्या गल्लीत राहतात." वहिनींनी नाव सांगितले. "त्यांचं लिहा."

ताईंनी लिहिले. शेजारी आणखी एक अरुंद रकाना होता.

"नातं?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"काहीच नाही," वहिनी म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "पण बहीण लिहा."