वहिनी म्हणायची सवय

मी माझ्या आईला वहिनी म्हणते. हसू नका, आमच्या कन्नड तालुक्याकडं अशी घरं ढिगानं सापडतील. आई घरातली थोरली सून. दोन्ही काका दिवसभर "वहिनी, पाणी द्या", "वहिनी, माझा सदरा कुठंय" करायचे. ते ऐकत मी बोलायला शिकले आणि मीही वहिनी म्हणायला लागले. वडील होते तोवर त्यांनाही त्याची मजाच वाटायची.

घरात काही अडलं नाही. घोळ झाला तो संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आल्यावर, आणि तो मी केला.

पहिल्याच महिन्यात वहिनी डबा घेऊन होस्टेलला आली. पायरीवर फतकल मारून बसली आणि मला बघून तिथूनच ओरडली, "सोनेऽ!" माझ्यासोबत वर्गातली मृण्मयी होती. क्रांती चौकातली, इस्त्रीचे कपडे, बोलणं एकदम शुद्ध. तिनं विचारलं, "कोण गं या?" मी म्हणाले, "वहिनी." तिचं तिनंच जुळवलं, की कुठल्यातरी चुलतभावाची बायको असणार. पुढं कधीतरी तिनं विचारलं, आई काय करते? मी म्हणाले, शाळेत असते. खोटं नव्हतं ते. आई झेडपीच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. पण मृण्मयी म्हणाली, "अय्या, शिक्षिका!" आणि मी गप्प बसले. लाज वाटत होती मला आईची. आता कशाला गुळमुळीत बोलू, लाजच वाटत होती.

चार वर्षं मी तशीच गप्प राहिले. मग आम्हा दोघींना जर्मनीत एकाच विद्यापीठात प्रवेश मिळाला. व्हिसाही एकाच आठवड्यात आले. मृण्मयीचे वडील व्यंकटराव स्वतः गाडी चालवत आम्हाला मुंबईला विमानतळावर सोडणार होते. तिची आई, उमाकाकू, मला म्हणाल्या, "गाडीत पाचवी जागा आहे. तुझ्या आईंना आण बाई, चार वर्षांत एकदा भेट नाही."

मी घरी फोन लावला. वहिनीला केवढा आनंद! "इमान जवळून दिसंल का गं?"

"आत सोडत नाहीत. दारापर्यंत येता येईल."

"दारापतुर तर दारापतुर!" तिनं हेडमास्तरांकडून दोन दिवसांची सुट्टी घेतली आणि गावभर सांगून आली, की पोरीला इमानात बसवायला मुंबईला चाललेय.

मृण्मयीला आधीच खरं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. सोमवारी सांगू, मंगळवारी सांगू असं करता करता निघायचा दिवस उजाडला.

सकाळी आठला वहिनी पहिल्या एसटीनं उतरून रिक्षानं मृण्मयीच्या बिल्डिंगपाशी आली. लग्नकार्यातलं लुगडं, एका हातात धपाट्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात स्वतःच्या कपड्यांची पिशवी. गाडीची डिकी उघडी होती, आम्ही सगळे खालीच उभे होतो. उमाकाकू पुढं झाल्या. "या, या वहिनी! सोनिया सारखं तुमचंच नाव घेते. पण आई नाही आल्या? शाळेतून सुट्टी नाही मिळाली वाटतं बाईंना?"

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या बॅगेची चेन ओढत बसले. चांगली लागलेली चेन मी पुन्हा उघडली आणि पुन्हा लावली. 'काकू, हीच माझी आई.' एवढंच तर म्हणायचं होतं!

वहिनी चौथी शिकलेली, पण माणसाच्या तोंडावरचं तिला झटकन वाचता येतं. ती म्हणाली, "नाय मिळाली ना सुट्टी. तपासणी हाय म्हणं शाळंत. मला धाडलं तिनं."

"मग तुम्हीच चला की! जागा आहेच."

"नगं ताई. घरी लई कामं पडलीत." असं म्हणत तिनं कपड्यांची पिशवी हळूच पाठीमागं नेली. ती मला दिसली. दुसऱ्या कुणाला दिसली नसावी.

उमाकाकूंनी आमच्या दोघींच्या हातावर दही घातलं. मग वाटी वहिनीपुढं धरली. "तुम्हीही घाला. आज आईच्या जागी तुम्हीच." वहिनीनं घातलं. चमचा माझ्या हातावर तसाच धरून ठेवला, थोडं दही माझ्या मनगटावर सांडलं, ते तिनं पदरानं पुसलं. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. व्यंकटरावांनी डिकीत न मावलेली बॅग पाचव्या सीटवर ठेवली आणि मी मुंबईपर्यंत त्या बॅगेला टेकून गेले.

इथं जर्मनीत आल्यावर सरितामावशीचा फोन आला, तेव्हा पुढचं कळलं. मावशी संभाजीनगरातच मुकुंदवाडीला राहते. वहिनी त्या दिवशी गावी गेलीच नाही. गावात काय सांगणार? दोन दिवस मावशीकडं थांबली, मग घरी जाऊन म्हणाली, लई मोठं इमान होतं, डोळे भरून बघितलं. "तुमचं काय बिनसलं होतं का गं?" मावशी विचारत होती. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन भडाभडा रडले. रडून काय उपयोग, असली नालायक मी!

रविवारी मृण्मयी आमच्या किचनमध्ये भात लावत होती. मी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि घरी लावला. आता पुन्हा 'उद्या सांगू' नको, असं मनाला बजावलं होतं. तिकडून "हॅलो" आलं.

"आई," मी म्हणाले.

मृण्मयीनं वळून बघितलं. तिकडून वहिनीनं विचारलं, "कोण?"

"आई, मी सोनी."

"अगं, ती पोरगी जवळ हाय का तुझ्या?" वहिनी एकदम हळू आवाजात म्हणाली. "वहिनी म्हण ना मग. ऐकंल ती."

"ऐकतेय ती. तिला ऐकू जावं म्हणूनच म्हणतेय."

मृण्मयीनं गॅस बंद केला. मला वाटलं, वहिनी आता रडेल, नाहीतर म्हणेल जाऊ दे पोरी. माझी तीच अपेक्षा होती, खरं सांगते.

"मंग गाडीपाशी का नाय म्हणलीस?" ती म्हणाली. "दही घालताना मी थांबले व्हते तुझ्यासाठी. लई येळ थांबले."