चार्ल्स राजा वारला

इंग्लंडच्या चार्ल्स राजाला त्याच्याच प्रजेने न्यायासनासमोर उभं केलं आणि त्याचं मुंडकं उडवलं. आमच्या संस्थानचे महाराज गादीवर आल्यावर दोन वर्षांनी मी कोल्हापूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागलो, पण बावीस वर्षांत एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. संस्थानातली नोकरी, राजाला जाब विचारायच्या गोष्टी करता कुठे? माझ्या वर्गात चार्ल्स दरवर्षी नुसता ‘वारला’. तेवढं म्हणून मी घाईघाईने पुढे सरकायचो.

भीती टाचणवहीची होती. वर्गात काय शिकवणार ते तीत लिहायचं, मग ती संस्थानच्या कचेरीतल्या साहेबांकडे जाई आणि शिक्का घेऊन परत येई. या धास्तीनेच मी थकलो, वयाने नव्हे. हक्क, कायदा, लोकमत असे मोठमोठे शब्द फळ्यावर लिहायचे आणि स्वतः मात्र आळीमिळी गुपचिळी!

निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा माझीच मला चीड आली. एकदा तरी खरं शिकवून घरी जावं. खटल्यासकट सगळी हकिगत टाचणवहीत लिहिली आणि पाठवून दिली. पाचव्या दिवशी कचेरीतला शिपाई करीम वही घेऊन आला. शिक्का होता.

“साहेब काही म्हणाले?”

“सायब कवा वाचत्यात? शिक्का माझ्यापाशीच असतोय की. इतकी वर्सं म्याच मारतोय.”

बावीस वर्षं मी भ्यालो तरी कुणाला?

शेवटच्या तासाला सगळं सांगून टाकलं. वाटलं, पोरं थक्क होतील. पोरं माना खाली घालून बसली. अखेर राधानगरीकडचा जोतीराम उठला.

“ठावं हाय की, सर. पुस्तकात हाय.”

“मग कधी कुणी विचारलं कसं नाही?”

“माझा थोरला भाऊ तुमच्याकडंच शिकला. त्यानं सांगितलंतं, सर ‘वारला’ म्हणतील तवा हसायचं न्हाय, काय इचारायचं न्हाय. त्यांच्या नोकरीवर येईल. दर साली जुनी पोरं नव्यास्नी हेच सांगत्यात.”

फडकं उचललं आणि पोरांकडे पाठ करून कोराच फळा कितीतरी वेळ पुसत राहिलो.