सांधा कुठे आहे?

मी एक जुनी

थांबा. हे वाक्य मला नीट पूर्ण करायचं होतं. भिंतीवर टांगलेली असताना मी ते कितीतरी वेळा मनात घोकलं होतं. मी एक जुनी सायकलची फ्रेम आहे, माझा रंग जांभळा आहे, मी शर्यत जिंकून आलेली आहे, असं ऐटीत सुरू करायचं आणि मग सावकाश बालपणाकडे वळायचं. पण मित्रांनो, मला कापलं. लोखंड कापायच्या करवतीनं, भर सकाळी, खिडकीतून स्वच्छ ऊन येत असताना कापलं. आणि ज्या हातांनी कापलं त्याच हातांनी मला घडवलं होतं.

अजून खरं वाटत नाही. म्हणून माझं बोलणं तुटक होईल, सांभाळून घ्या. तसंही मी आता एकसंध कुठे आहे? माझा पुढचा तुकडा, एक कोपरा गेलेला त्रिकोण, एका मुलीच्या खोलीत दाराशी टांगलेला आहे. त्यावर ओले मोजे वाळतात. मागचा तुकडा रंगाऱ्याच्या दुकानाबाहेर लोंबतो. मधला, मुठीत मावेल एवढा, जिथे माझा जन्म झाला त्याच टेबलावर पडून आहे. ज्या तुकड्याला जे आठवतं ते तो सांगेल.

पुढचा तुकडा सांगतो

मला घडवणाऱ्या बाईंना सगळे कानसबाई म्हणतात. कानस म्हणजे धातू घासायची खरखरीत पोलादी पट्टी. ती त्यांच्या हातात नसेल तर खिशात असते. त्यांची भाची त्यांना आत्या म्हणते, म्हणून मीही मनात आत्याच म्हणायचे. भाचीचं नाव घरात कुणी घेत नाही. एका जागी बसत नाही म्हणून ती भिंगरी.

भिंगरी ज्या शर्यतीत उतरते ती गुळगुळीत रस्त्यावरची नव्हे. शेतातून, वाळूतून, चिखलातून जायचं, मध्येच आडव्या फळ्या आल्या की खाली उडी मारायची, सायकल खांद्यावर टाकायची आणि पायऱ्या चढत धावायचं. "अर्धा वेळ मी सायकलवर, अर्धा वेळ सायकल माझ्यावर," असं भिंगरी सांगते. तिचे बाबा म्हणतात, "लहानपणी हिला चिखलातून ओढून बाहेर काढायचो. आता स्वतः नेऊन सोडतो."

माझा जन्म व्हायच्या आधी आत्यानं एका साध्या नळीवर मऊ माती थापली आणि ती भिंगरीच्या खांद्यावर ठेवली.

"आता जिना चढ. धावत."

"आत्या, शेजारचे बघतायत."

"बघू देत. त्यांना स्वतःला व्यायाम नको वाटतो, दुसऱ्याचा बघून तरी बरं वाटेल."

भिंगरी धावली, परत आली. मातीत तिच्या खांद्याच्या हाडाचा ठसा उमटला होता. बरोबर त्याच जागी आत्यानं माझी वरची नळी खालून जराशी चपटी केली, म्हणजे हाड टोचणार नाही. ब्रेकच्या तारा वरून नेल्या, म्हणजे खांद्याला रुतणार नाहीत. मित्रांनो, मी दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर नीट बसलेच नसते. एवढी मी तिची होते. आणि हेच मला समजत नाही. जिनं खांद्याचं हाड दुखू नये म्हणून एवढं केलं, तिनं

नको. ते माझ्याकडे नाही. ते मधल्याकडे आहे.

मागचा तुकडा सांगतो

इथे दुकानाबाहेर वारा फार. रंगारी माझ्यावर रोज नव्या रंगाचा हात मारून बघतो. आज मी अर्धी पिवळी, अर्धी हिरवी आहे. असो.

माझ्या शेजारी, पायडलपाशी, एक दातेरी चक्र फिरायचं. चेन त्याच्यावरच चढते. तेही आत्यानंच आखलं आणि कापलं. चिखलात सायकल उडते, आदळते, आणि साध्या चक्रावरून चेन निसटते. म्हणून त्याचा एक दात जाड, पुढचा बारीक, पुन्हा जाड, पुन्हा बारीक. चेनच्या कड्याही तशाच आळीपाळीनं रुंद-अरुंद असतात. दात आणि कडी एकमेकांना घट्ट धरून बसतात. पहिल्या चक्राला आत्यानं विषम संख्येत दात कापले. फिरून आल्यावर दोन जाड दात शेजारीशेजारी आले आणि चेननं चढायला साफ नकार दिला. आत्या कपाळावर हात मारून हसली. त्या चुकीवर तिला हसता आलं. दुसरी चूक तेव्हा झालीच होती, पण ती दिसत नव्हती.

मी तयार झाले आणि भिंगरी माझ्यावर बसली. थोड्याच दिवसांत तिच्या पायांत जोर आला. "आत्या, हे चक्र लहान पडतं. मोठं दे ना!" आत्यानं मोठं केलं. मोठं चक्र माझ्या नळीच्या फार जवळ आलं. मध्ये चिखल अडकला असता. मग आत्यानं माझा रंग खरवडला, कानस काढली आणि चक्रापाशी, पायडलच्या आसाच्या कवचाला माझी नळी जिथे पितळेनं सांधलेली होती तिथे, अजून थोडं घासलं.

"किती घासशील गं?" भिंगरीनं विचारलं.

"सांधा दिसला तर माझं नाव बदल," आत्या म्हणाली.

मला ते घासणं आवडायचं, मित्रांनो. कुणी केसांतून हात फिरवावा तसं वाटायचं.

त्या वर्षीची शर्यत आम्ही जिंकलो. चिखल एवढा होता की माझा रंग कुणाला ओळखू आला नाही. शेवटच्या उतारावर पायऱ्या होत्या. सगळे उतरून चालत गेले. भिंगरी उतरली नाही. ती माझ्यावर बसून थडाथड खाली आली, तिचं सगळं वजन माझ्यावर घेऊन.

मला धुतलं तेव्हा लोकांनी गराडा घातला. दुसऱ्या संघाचे मेकॅनिकही आले. त्यांनी बोटं फिरवली आणि एकमेकांना विचारलं, "सांधा कुठे आहे?" नळीतून नळी फुटावी, फांदीतून फांदी, तशी मी दिसत होते. "कानसबाई, ही ओतलीय की काय तुम्ही?" आत्या नुसती हसली. मग अनेकांनी तशाच फ्रेम्स मागितल्या. अगदी अशीच, न दिसणाऱ्या सांध्यांची. मला भिंतीवर मानाची जागा मिळाली. रोज मऊ फडक्यानं पुसायचे. नवीन माणूस आला की मला दाखवायचे.

मधला तुकडा सांगतो

मी टेबलावर आहे. माझ्या शेजारी कानस आहे. अजून तिच्याकडे बघवत नाही.

भिंगरीसाठी आत्यानं नवी फ्रेम घडवली होती. मला कापलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्यावर बसून भिंगरी निवडीच्या शर्यतीत उतरणार होती. त्यात पुढे आली असती तर ती देशाच्या संघात गेली असती. त्यासाठी तिनं दोन वर्षं सुट्टी म्हणून काही पाहिलं नव्हतं. नवीला अजून रंग लावला नव्हता. रंगारी माझ्या जांभळ्याशी रंग जुळवायला आला आणि मला उन्हात धरून बघायला लागला.

"कानसबाई, इथे केस चिकटलाय. पुसला तरी जात नाही."

"तुमचा रंग फुटला असेल, बुवा."

"माझा रंग?" रंगारी दुखावला. "हातोडा मारला तरी फुटत नाही तो. भिंतीवर आराम करता करता फुटेल?"

तो गमतीनंच बोलला. पण आत्या हसली नाही. रंग आपण होऊन फुटत नसेल, तर त्याच्या खालचं काहीतरी हललं असणार. ती आली. तिनं चमच्याच्या दांडीनं माझ्या डाव्या सांध्यावर टकटक केलं. मी टणकन वाजले. मग उजव्या सांध्यावर, चक्राच्या बाजूला. ठस्स. मडकं तडकल्यावर वाजतं तसं.

मित्रांनो, तो आवाज माझा होता. मला हादरा बसला. मी एवढी वर्षं स्वतःचा आवाज ऐकलाच नव्हता, कारण मला सगळे नुसते पुसत होते.

तेवढ्यात भिंगरी आली. बूट नाड्यांनी गळ्यात अडकवलेले, तोंडात बिस्किट.

"दे माझी नवी फ्रेम. बाबा खाली गाडी घेऊन थांबलेत. रंग राहू दे, मी तशीच नेते."

"ती न्यायची नाही," आत्या म्हणाली.

भिंगरीला वाटलं चेष्टा. तिनं हात पुढे केला. आत्यानं नवी फ्रेम पाठीमागे घेतली.

"आत्या, उद्या शर्यत आहे. उद्या!"

"हिला चीर गेलीय. जुनीला. रंगात आहे की लोखंडात, मला ठाऊक नाही."

"जुनीला गेलीय ना? मग नवीचं काय?"

"नवी मी तशीच केलीय. तेच हात, तीच कानस. उलट जास्तच गुळगुळीत."

"मग बघ ना लोखंडात आहे का! तू बघितल्याशिवाय मी ऐकणार नाही."

"बघायचं तर आतून बघावं लागेल. बाहेरून सगळं छानच दिसतं. कापावं लागेल."

मला वाटलं, नवीला. खरं सांगते, माझ्या मनात तेच आलं. मी जिंकलेली, मी मानाची, मला कोण हात लावणार?

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं मला खुंटीवरून काढलं, टेबलाला जडवलेल्या पोलादी जबड्यात आवळलं, आणि करवत घेतली.

"आत्या, वेड लागलं का तुला?" भिंगरी किंचाळली. "ती माझी आहे! आधी मला विचार!"

"ती तुझी आहे. आणि तू माझी आहेस. बाजूला हो."

रंगारी म्हणाला, "बाई, जरा पाणी प्या. मग ठरवा." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

करवत चाल

दात लाग

नंतर मला एकदम हलकं वाटलं, आणि कळलं की बाकीची मी आता माझ्याजवळ नाही. आत्यानं मला नळ्यांपासून तोडून वेगळं काढलं. मग सांधा उभा चिरला. माझ्या आत पहिल्यांदाच ऊन शिरलं.

आत्यानं मला खिडकीशी धरलं. भिंगरी रडत होती, तरी वाकून बघायला लागली. नळीची भिंत सगळीकडे जाडजूड होती. सांध्यापाशी मात्र, जिथे पितळ संपून पोलाद सुरू होतं, तिथे ती वहीच्या पुठ्ठ्यापेक्षा पातळ झाली होती. पितळ घासता घासता, सांधा दिसू नये म्हणून, चक्राला जागा हवी म्हणून, आत्यानं खालचं पोलादच घासून टाकलं होतं. आणि त्या पातळ जागेतून एक चीर आरपार गेली होती. तिच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

भिंगरीनं चिरेवर बोट ठेवलं.

"आत्या, मी हिच्यावरून पायऱ्या उतरले होते."

"हो."

"न थांबता."

"हो गं. बोलू नकोस."

रंगाऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि जिथे होता तिथे जमिनीवर बसला. मित्रांनो, सगळ्यांनी माझं ज्यासाठी कौतुक केलं, तेच माझं दुखणं होतं. ते गुळगुळीत अंग, त्यावर फिरणारी बोटं, "सांधा कुठे आहे?" सांधा कुठेच नव्हता. हेच तर ते सांगत होते! कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

आत्यानं फोन उचलला. तशी फ्रेम ज्यानं-ज्यानं नेली होती, त्या प्रत्येकाला तिनं एकच सांगितलं, "आजपासून तिच्यावर बसू नका. चूक माझी आहे. परत आणून द्या." एकजण चिडला असावा. "मग मला शिव्या द्या, पण बसू नका," आत्या त्याला म्हणाली.

भिंगरी सरावाच्या जड सायकलवर शर्यतीत उतरली. जाताना माझं जाड-बारीक दातांचं चक्र मात्र काढून त्या सायकलला लावलं. चेन एकदाही निसटली नाही. तरी भिंगरी पार मागे राहिली. निवड झाली नाही. शर्यतीनंतर ती आत्याच्या कारखान्यात आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. आत्या दाराकडे बघायची आणि मला मुठीत घेऊन बसायची.

मग एका दुपारी दारात सायकलच्या बुटांची खटखट झाली.

"नवी फ्रेम हवीय," भिंगरी म्हणाली. आत्याकडे बघत नव्हती.

"कशी?"

"सांधे दिसले पाहिजेत."

आत्यानं ती तशीच केली. नळ्यांच्या प्रत्येक कोपऱ्यात पितळ जसं ओघळलं, जसं गोठलं, तसंच ठेवलं. उंचवटे, सुरकुत्या, सगळं. रंगाऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, लोक म्हणतील घासायचं राहून गेलं."

"राहिलं नाही हो काका," भिंगरी म्हणाली. "राहू दिलंय."

आणि मग नळीवरच्या मातीतला ठसा अजून आहे का, खांदा आता रुंद झालाय, असं काहीतरी ती आत्याशी बोलायला लागली. आत्या टेप शोधायच्या निमित्तानं पाठमोरी झाली आणि बराच वेळ टेप शोधत राहिली. टेप तिच्या गळ्यातच होती.

मित्रांनो, तुमच्या घरी तुमची आवडती एखादी वस्तू असेल. तिला जरूर पुसा, ती चमकली की आनंद माना. पण मधूनमधून तिच्यावर हलकेच टकटक करा आणि कान लावून ऐका. टणकन वाजली तर बरं. ठस्स वाजली, तर ती तुम्हाला काहीतरी सांगतेय. दुसऱ्या कुणाला ऐकू जायच्या आधी तुम्ही ऐका. मी भिंतीवर एवढे दिवस होते. माझ्यावर टकटक व्हायला रंगाऱ्याला दिसलेल्या एका केसाची वाट बघावी लागली.

आत्या आता रोज सकाळी कानस उचलायच्या आधी मला उचलते. अंगठा माझ्या चिरेवर ठेवते. कधी मग कानस उचलते, कधी तिला तशीच पडून राहू देते. माझी जागा टेबलावर अशी आहे की मला चुकवून कानसेपर्यंत हात जातच नाही.

आता ते वाक्य पूर्ण करते.

मी एक जुनी फ्रेम होते. आता मी एक सांधा आहे. कुणीही येऊन बघावं. दिसतो.